मागची गल्ली, पुढचे दार

फणसवाडीतल्या घरांसाठी केलेल्या कचराविषयक पुस्तिकेची प्रस्तावना

गिरगावातल्या वाड्यांत कचऱ्याचा विषय निघाला की बोट आधी महापालिकेकडे वळते. गाडी उशिरा येते, कोपऱ्यावरचा ढीग दुपारपर्यंत तसाच असतो, पावसाळ्यात गटार तुंबते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या करत राहायला हव्यात. ही पुस्तिका मात्र गाडी येण्याच्या आधीच्या वेळाबद्दल आहे: स्वयंपाकघरात, मोरीपाशी, गॅलरीत आणि जिन्याखाली कचऱ्याचे जे होते त्याबद्दल. कायद्याने हा टप्पा घराच्या पदरात टाकला आहे. कायदा काय सांगतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत ते पाळायचे कसे, हे पुढच्या पानांवर तपशिलाने येईल. इथे मी त्यामागची हकिकत सांगणार आहे, कारण ती ठाऊक नसली की हे सगळे नियम उगाच मागे लावलेली कटकट वाटतात.

सुरुवात घरगल्लीपासून करावी लागते. फणसवाडी, ठाकूरद्वार, चिराबाजार, काळबादेवी, भुलेश्वर या पट्ट्यात जुन्या इमारतींच्या पाठी जिथे समोरासमोर येतात तिथे एक चिंचोळी फट असते. कुठे हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात, कुठे माणसाला आडवेच शिरावे लागते. सांडपाण्याचे आणि मैल्याचे पाइप तिथे उतरतात, मोऱ्यांच्या आणि संडासांच्या खिडक्या तिथे उघडतात. वरून डोकावले तर तळाशी काय दिसते ते इथल्या रहिवाशांना सांगायला नको. दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, दाढीची पाती, कागदातसुद्धा न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड, एखादी फुटकी बादली, आणि या सगळ्यावर एसीचे ठिबकणारे पाणी. उरलेला भात आणि पोळीचे तुकडे मात्र दिसत नाहीत. ते रात्रीतून उंदीर-घुशी संपवतात. पावसाळ्यात उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोच्या भीतीने आपण मुलांना साचलेल्या पाण्यातून जाऊ नको म्हणून बजावतो, पण त्या उंदरांचे जेवण आपल्याच खिडकीतून खाली जात असते.

ही फट चुकून राहिलेली नाही. जमिनीखालच्या मैलावाहिन्या येण्याआधी या भागात टोपलीचे संडास होते. मैला उचलून नेणाऱ्या कामगाराने पुढच्या दाराने किंवा जिन्याने येऊ नये म्हणून इमारतींच्या मागून त्याच्यासाठी वाट ठेवलेली असे. पालिकेच्या दफ्तरात या कामगारांना हलालखोर म्हणत. त्यांच्या कामापोटी हलालखोर कर घेतला जाई आणि १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यातही तो होता. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे घरगल्लीचा उपयोग दुहेरी होता. घाण घरातून जावी, आणि ती नेणारा माणूस घरच्यांच्या दृष्टीस पडू नये.

पुढे संडासांना पाइप जोडले गेले, टोपल्या गेल्या, वाट मात्र राहिली. तिच्यासोबत एक समजही राहिला: मागच्या खिडकीतून सोडलेली वस्तू खाली कुणीतरी उचलतो. बहुतेक घरगल्ल्या कागदोपत्री इमारतमालकांच्या जागेत येतात, सफाईसाठी पालिकेची माणसे उतरतात, आणि रहिवाशांना ती जागा आपली वाटत नाही. दोन इमारतींच्या मधली जागा म्हणून प्रत्येक इमारत दुसरीकडे बोट दाखवते. या प्रस्तावनेत सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. कचऱ्याचा आजचा कायदा या मागच्या वाटेच्या बरोबर उलट चालतो. तो म्हणतो, कचरा पुढच्या दाराने न्या, वेगवेगळा करून न्या, आणि नेणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

इथवर यायला शहराला शंभराहून अधिक वर्षे लागली. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. दाट वस्ती, कोंदट हवा आणि साचलेली घाण यांवर उपाय म्हणून १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. फणसवाडीपासून काही मिनिटांच्या चालीवर असलेला प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, याच ट्रस्टने दाट वस्ती कापून काढला. समुद्राचा वारा आत शिरावा हा त्यामागचा हेतू होता. वारा आत आणायचा आणि घाण बाहेर न्यायची, अशी ती योजना. कचरा नेण्यासाठी १९०६मध्ये कुर्ल्याहून चेंबूरकडे रेल्वेचा फाटा टाकला गेला. आज हार्बर लाइनवर चेंबूरला उतरणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की तिथे आधी कचऱ्याच्या गाड्या पोचल्या आणि माणसांची गाडी सुरू झाली ती १९२४मध्ये. १९२७पासून देवनारची कचराभूमी वापरात आली.

लांब नेला की प्रश्न मिटला, हा धडा शहराने तेव्हा गिरवला. शहर वाढत गेले तसे ते ‘लांब’ जवळ येत गेले. देवनारच्या कडेला गोवंडी-शिवाजीनगरसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि तिथल्या लोकांच्या श्वासात आपला कचरा गेला. २८ जानेवारी २०१६ला देवनारला लागलेली आग बरेच दिवस धुमसत राहिली. तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात साठलेला जुना कचरा १८५ लाख टन असल्याचा पालिकेचा अंदाज आहे आणि तो हटवण्याच्या कामाचा आकडा २०२५मध्ये २,३६८ कोटी रुपयांवर गेला. मुलुंडची कचराभूमी २०१८मध्ये बंद झाली, गोराईची त्याआधीच. आता बहुतेक भार कांजूरमार्गवर आहे. तीही जागा खाडीकाठची. मे २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयात पुढे काहीही होवो, लांबची अशी नवी जागा आता मुंबईजवळ उरलेली नाही.

फणसवाडीतल्या एका घराच्या केराचा या सगळ्याशी संबंध आहे, आणि तो रसायनाचा आहे. मुंबईच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून बराच अधिक भाग ओला असतो: भाज्यांची देठे, चहाचा चोथा, शिळे अन्न, फळांच्या साली. हा भाग मोकळ्या हवेत राहिला तर त्याचे दीड-दोन महिन्यांत खत होते. तोच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधला आणि ढिगाऱ्याखाली दाबला गेला की हवा न मिळता कुजतो. त्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो. त्यातून काळा रस झिरपतो, तो जमिनीत आणि खाडीत उतरतो. कांजूरमार्गला हा रस परत ढिगात फिरवून वायू गोळा करण्याची बायोरिअॅक्टर पद्धत वापरतात. तंत्र चांगले आहे, पण कचऱ्यात आलेले बल्ब, सेल, रंगाचे डबे कोणतेही यंत्र नंतर स्वस्तात वेचून काढू शकत नाही. ते काम सर्वांत स्वस्तात आणि स्वच्छपणे होते ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, कचरा कचरा होण्याच्या क्षणी. सगळा कायदा या एका गोष्टीभोवती बांधलेला आहे.

कायद्याची वाटही पाहण्यासारखी आहे. १९९४ला सुरतेत प्लेगचे थैमान झाले. त्यानंतर दोन वर्षांनी अलमित्रा पटेल यांनी देशभरातल्या शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यातून २०००चे नियम आले, पण त्यांचा मुख्य रोख नगरपालिकांवर होता. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराला स्पष्ट कर्तव्ये सांगितली: ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करा, रस्त्यात, गटारात, पाण्यात टाकू नका, जाळू नका, पुरू नका. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, पटेल यांच्याच प्रकरणात, उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. थंडीत चौकात पालापाचोळा आणि खोकी पेटवून शेकोटी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २०२६च्या जानेवारीत केंद्राने नवे नियम जाहीर केले. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या या नियमांत तीनाचे चार भाग झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

मुंबईत आणखी दोन कायदे जोडीला आहेत. पालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींनी रस्त्यात कचरा टाकणाऱ्याला २०० रुपये दंड ठेवला. क्लीन-अप मार्शल पावती फाडत ते याच आधारावर. आणि २३ मार्च २०१८च्या राज्याच्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. तिच्यात दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० व तीन महिन्यांपर्यंत कैद असा चढत जातो. २६ जुलै २००५ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तुंबलेल्या गटारांतून काय निघाले होते, ते आठवणाऱ्यांना या बंदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

चार भाग म्हटले की चाळीतल्या गृहिणीचा पहिला प्रश्न असतो: चार डबे ठेवू कुठे? रास्त प्रश्न आहे. एका खोलीत पाच माणसे आणि देव्हारा असलेल्या घराला मोठ्या फ्लॅटची सल्लापत्रिका देऊन चालणार नाही. म्हणून पुढची प्रकरणे जागेचा हिशेब धरून लिहिली आहेत. रोज बाहेर जातो तो मुख्यतः ओला कचरा. त्याला एक झाकणाचा डबा पुरतो. सुका कचरा कुजत नाही, वास मारत नाही. एक जुनी गोणी दाराआड टांगली तर आठवडाभर चालते. सॅनिटरी कचरा रोज वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खूण करून वेगळा द्यायचा. विशेष काळजीच्या वस्तू वर्षातून मोजक्या निघतात. त्यांना माळ्यावर एक बुटांचे खोके बस्स. चार डब्यांचा बाऊ इथेच संपतो.

एक-दोन गोष्टी जवळून पाहू, म्हणजे पुढची प्रकरणे कशा प्रकारची आहेत याचा अंदाज येईल. दुधाची पिशवी घ्या. सकाळी आपण तिचा कोपरा कात्रीने कापतो आणि तो तिकोनी तुकडा ओट्यावरून केरात जातो. पिशवी भंगारवाला घेतो, तिचा पुनर्वापर होतो. तो नखाएवढा तुकडा मात्र कुणाच्याही हाताला लागत नाही. तो ओल्या कचऱ्यात मिसळतो, खतात जातो, गटाराच्या जाळीत अडकतो. उपाय फुकटचा आहे. कोपरा पूर्ण कापू नका, चीर द्या. तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. मग पिशवी विसळून, उलटी करून, मोरीच्या कठड्यावर वाळवा. वाळलेली पिशवी हा विकाऊ माल आहे, तर दुधाने आंबलेली पिशवी हा घाणीचा गोळा. दोन्हींतले अंतर पेलाभर पाण्याचे आहे, आणि तेही भांडी विसळलेले पाणी चालते.

किंवा मासळी घ्या. चिराबाजारातून आणलेल्या कोलंबीची साले आणि बांगड्याची डोकी रात्री डब्यात गेली की सकाळपर्यंत मजला उठतो. म्हणूनच ती पिशवीत घट्ट बांधून मागच्या खिडकीतून जातात. ती वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी गाडी आली की ओल्यात टाका. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी साले धुऊन, मीठ लावून झाकून ठेवावीत. फणसाच्या मोसमात तर एका फणसाची काटेरी साल आणि चीक लागलेले कागद आठवड्याचा डबा एका दुपारी भरतात. त्या दिवशी साल बारीक करून दोन हप्त्यांत द्यावी.

विशेष काळजीच्या खोक्यात काय जाते तेही आपल्या घरांतलेच आहे. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर इन्सुलिनच्या सुया निघतात. त्या जाड झाकणाच्या बाटलीत साठवल्या नाहीत तर कुणाच्या तळव्यात घुसतात हे विचारायला नको. मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, झुरळांचे औषध, जुने सेल या सगळ्यांची तीच जात. मे २०२५पासून पालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याच्या वेगळ्या संकलनाची सेवा सुरू केली असून तिच्यासाठी सोसायटीने किंवा संस्थेने नोंदणी करायची असते. एकटे घर नोंदणीला कमी पडते, चाळ पडत नाही. चाळ कमिटीचा पहिला ठराव हाच असावा, अशी पुस्तिकेची शिफारस आहे. मोबाइल, चार्जर, मिक्सर, टीव्ही हा ई-कचरा. त्याचे नियम वेगळे आणि तो अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यायचा. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्याच्या हाती तो पडला तर विषारी धूर वाडीतच राहतो.

चाळींच्या भागात सर्वांत जास्त कायदा मोडला जातो तो राडारोड्यात. खोलीला लादी बसवली, मोरीचा कठडा तोडला, म्हाडाच्या दुरुस्तीनंतर स्वतःचे थोडे काम काढले, की चार-सहा गोणी विटा-माती निघते. मिस्त्री म्हणतो, “टाकतो मी कुठेतरी.” ते ‘कुठेतरी’ म्हणजे रात्री घरगल्ली, रस्त्याची कडा किंवा खाडीकाठ. राडारोडा घरगुती कचऱ्यात मिसळणे बेकायदा आहे आणि मिस्त्रीने टाकला तरी काम काढणाऱ्या घराची जबाबदारी सुटत नाही. पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा यासाठीच आहे. घरच्या दुरुस्तीतून निघालेला ५०० किलोपर्यंतचा राडारोडा तीत विनाशुल्क नेला जातो. तो दहिसर आणि शिळफाट्याजवळच्या डायघर इथल्या प्रकल्पांत भरडून वाळू-खडी होतो. मिस्त्रीशी मजुरी ठरवतानाच राडारोड्याचे बोलून घ्यावे.

सणांचे प्रकरण वेगळे आहे. फणसवाडीत बालाजीचे देऊळ आहे, पलीकडे भुलेश्वरची फुलगल्ली, थोड्या अंतरावर मुंबादेवी. देवाला वाहिलेली फुले केरात टाकायला मन धजत नाही, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चौपाटीवर नेली जातात आणि पिशवीसकट समुद्रात जातात. निर्माल्याचे खत होते आणि ते झाडाच्या मुळाशी जाते, यात श्रद्धेला बाधा येण्यासारखे काही नाही. फक्त हारांतला दोरा, जरीची फीत आणि प्लास्टिकची फुले आधी काढली पाहिजेत. उत्सवांच्या आयोजकांनी २०१६च्या नियमांत आलेली आणखी एक अट वाचावी: परवानाप्राप्त नसलेल्या जागी १००हून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर पालिकेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचे आणि कचरा वेगळा करून द्यायचा. महाप्रसादाच्या द्रोण-पत्रावळींची व्यवस्था कोण करणार, हे वर्गणीच्या बैठकीतच ठरले तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात ढीग राहत नाही.

आता नेणाऱ्या माणसाबद्दल. कचरा ‘हातात द्या’ म्हटले की तो हात कुणाचा, याकडे पाहावे लागते. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांनी महाराष्ट्राला दाखवले. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. ‘मुलगी झाली हो’ या नाटकामुळे घराघरांत पोचलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या नेतृत्वाखाली १९९८पासून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केले, त्यांना वर्गीकरणाचे, खताचे, बायोगॅसचे शिक्षण दिले. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांचा ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प चालवणाऱ्यांत याही बायका होत्या. या साऱ्यांच्या अनुभवाचा सारांश असा की मिसळलेल्या पिशवीत हात घालणारीला काच, सुई आणि सडकेपणा मिळतो. वेगळ्या केलेल्या गोणीत हात घालणारीला रोजगार मिळतो. कायद्यातला ‘वर्गीकरण’ हा कोरडा शब्द प्रत्यक्षात एवढा फरक करतो.

आपल्या वाड्यांना हे मुळात परके नव्हते. रद्दी तराजूत तोलून देण्याची, डबा-बाटली वेगळी ठेवण्याची, बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेले घेण्याची रीत इथे होती आणि अजूनही थोडी आहे. ज्याला मोल होते ते आपण कधी खिडकीतून टाकले नाही. आज बाजार बदलला, पॅकिंगचे प्लास्टिक वाढले, आणि मोल नसलेल्या वस्तू घरात जास्त येऊ लागल्या. त्यांनाही तीच शिस्त लावायची आहे.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. “आम्ही वेगळा देतो, गाडीत तो एकत्रच टाकतात.” असे घडते, हे खरे आहे. घडले तर गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून पालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा चंदनवाडीतल्या सी विभागाच्या कचेरीत तक्रार करावी. पण ही तक्रार करण्याचा हक्क, ज्याने कचरा वेगळा करून दिला त्यालाच आहे. आपणच एकत्र दिला तर पालिकेला विचारायचे काय? शिवाय सुका कचरा भंगारवाल्याला दिला आणि ओल्यातला थोडा गॅलरीतल्या भोके पाडलेल्या बादलीत, वाळक्या पानांच्या थरांत जिरवला, तर गाडीत काय होते यावर आपण फारसे अवलंबूनही राहत नाही. कचऱ्यासाठी वेगळे शुल्क घेण्याची चर्चाही याच संदर्भात वाचावी. एप्रिल २०२५मध्ये पालिकेने नव्या उपविधींचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा १०० रुपये सुचवले होते. पैसे मागणाऱ्याला हिशेब विचारता येतो, मात्र आपली बाजू चोख असली तरच तो प्रश्न ऐकला जातो.

शेवटची गोष्ट पुनर्विकासाची, कारण पुढच्या काही वर्षांत या वाडीतली बहुतेक घरे त्या वळणावर येणार आहेत. आज प्रत्येक चाळ लहान आहे, तिचा कचरा पालिका नेते. नियमांप्रमाणे रोज १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणारी वसाहत ‘मोठी निर्माती’ ठरते आणि तिला ओला कचरा आपल्या आवारात जिरवावा लागतो; मुंबई पालिकेने २ ऑक्टोबर २०१७पासून मोठ्या सोसायट्यांकडे हा आग्रह धरला आहे. घरामागे रोज दोन किलो धरले तर ५० घरांतच १०० किलो होतात. चार चाळींच्या जागी मनोरा उभा राहिला की तो पहिल्या दिवसापासून या नियमात बसतो. तेव्हा खताच्या टाकीला जागा नसेल, तर ती पार्किंगमधून किंवा मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्यातून काढावी लागेल, आणि भांडणे होतील.

म्हणून ही पुस्तिका केवळ डब्यांबद्दल आहे असे समजून चाळ कमिटीने ती एखाद्या उत्साही सभासदाकडे सोपवू नये. विकासकाबरोबरच्या बैठकीत चटईक्षेत्र, कॉर्पस आणि भाड्याबरोबर आणखी तीन मुद्दे लेखी मागावेत: तळमजल्यावर हवेशीर, पाणी आणि निचरा असलेली कचऱ्याची खोली, खतासाठी किंवा बायोगॅससाठी नकाशात दाखवलेली जागा, आणि सफाई कामगारांना हात-पाय धुण्याची, कपडे बदलण्याची सोय. तिन्हींची जागा इमारतीच्या पुढच्या बाजूला, वाटेवर असावी. नव्या इमारतीच्या मागे पुन्हा एक घरगल्ली निघू द्यायची की नाही, हे करारावर सह्या होण्याआधीच ठरते.